श्वानाची जखम आणि घरांतील औषधें

घरांत पाळलेला कुत्रा सायंकाळीं बाहेरून परत येतो, नेहमींप्रमाणें अंगावर उड्या न मारतां मुकाट्यानें कोपऱ्यांत जाऊन बसतो, आणि मांडीजवळचा एकच भाग पुनः पुनः चाटूं लागतो. केंस बाजूला सारून पाहावें तों खालीं बोटभर लांबीची जखम आढळते. अशा प्रसंगीं बहुतेक मराठी घरांत पहिली धांव घेतली जाते ती स्वयंपाकघरांतील हळदीच्या डब्याकडे. ही धांव अगदींच चुकीची आहे असें नव्हे. परंतु ती पहिली नसावी. हळद, मध, कडुनिंब, कोरफड व खोबरेल हीं औषधें माणसाच्या त्वचेवर पिढ्यान् पिढ्या वापरलीं गेलीं आहेत, आणि त्यांपैकीं कांहींना आधुनिक शास्त्राचाही थोडाबहुत आधार मिळाला आहे. मात्र तींच कुत्र्याला लावतांना, कुत्रा म्हणजे चार पायांवर चालणारा माणूस नव्हे, ही साधी गोष्ट विसरली जाते. त्याच्या अंगावर केंसांचें दाट आच्छादन असतें, त्याची कातडी माणसाच्या कातडीहून पुष्कळच सैल असते, आणि जेथें माणसाचा हात पोंचतो तेथें त्याची जीभ पोंचते. घरगुती औषधाचा गुण कुत्र्याच्या बाबतींत पारखावयाचा तो या गोष्टी ध्यानांत ठेवूनच.

प्रथम कातडीचा विचार केला पाहिजे. कुत्र्याच्या मानेवर चिमटा घेतला, तर कातडीची मोठी घडी हातांत येते. या सैलपणाचा त्याला फायदा असा, कीं जखमेच्या कडा एकमेकींकडे लवकर ओढल्या जातात. माणसाला जेथें टांका घालावाच लागेल तेथें कित्येकदां त्याची जखम आपोआप आक्रसून मिटते. तोटा मात्र फसवा आहे. दुसऱ्या कुत्र्यानें चावा घेऊन हिसडा दिला, म्हणजे दांतांबरोबर कातडी सरकते व तिच्याखालचें मांस फाटतें. दांत निघतांच कातडी पूर्वीच्या जागीं जाते, आणि वर दिसतात तीं केवळ दोन बारीक भोंकें. आंत पोकळी झालेली असते, व तींत चावणाऱ्याच्या तोंडांतील जंतु, केंस आणि माती हीं शिरलेलीं असतात. अशा भोंकांवर हळदीचा लेप घट्ट बसविणें म्हणजे आंतील घाणीला बूच मारणेंच होय. दोन-तीन दिवसांनीं तेथें गळूं होतें, ताप चढतो, आणि हळद लावूनही जखम चिघळली कशी, असें घरची मंडळी आश्चर्यानें विचारूं लागतात. कित्येकदां ती लावल्यामुळेंच चिघळलेली असते.

चाव्याच्या जखमेला आणखी एक बाजू आहे, आणि ती घरांतील माणसांच्या जिवाशीं निगडित आहे. चावणारा कुत्रा पिसाळलेला असूं शकतो, व त्याची लाळ घरच्या कुत्र्याच्या केंसांवर अद्याप ओली असूं शकते. जखम पाहणाऱ्याच्या हातावर एखादा ओरखडा असला, तर तेवढी वाट त्या विषाला पुरेशी होते. १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर या मुलाला लस देवविली, तेव्हांपासून हा रोग टाळतां येतो. पण एकदां लक्षणें दिसूं लागल्यावर तो प्राण घेतल्यावांचून क्वचितच राहतो, ही स्थिति आजही बदललेली नाहीं. म्हणून चाव्याची जखम हातमोजे घालूनच हाताळावी, साबण व वाहतें पाणी यांनीं ती दहा-पंधरा मिनिटें धुवावी, आणि कुत्र्याला त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. पूर्वी लस टोंचलेली असली, तरीही ती पुनः टोंचून घेणें अवश्य असतें. ज्यानें उघड्या हातांनीं ती जखम हाताळली असेल, त्यानेंही हात साबणानें धुऊन डॉक्टरांचा सल्ला विचारावा. हें सर्व पार पडेपर्यंत मध-हळदीची गोष्ट काढूंच नये.

आतां राहिल्या त्या घरीं सांभाळतां येण्याजोग्या जखमा: कुंपणाच्या तारेचा ओरखडा, कांचेनें कापलेला पंजाचा वरवरचा भाग, डांबरी रस्त्यावर घसटून सोलवटलेली कातडी, खाजवून खाजवून पडलेलें चट्ट्याएवढें क्षत. यांना सर्वांत मोठें औषध म्हणजे पाणी. हें वाक्य ऐकून पुष्कळांची निराशा होईल, कारण पाण्याला वास नाहीं, रंग नाहीं आणि आजीबाईच्या बटव्यांत त्याला जागाही नाहीं. परंतु जखमेंतील मातीचा एक कण व एक केंस काढण्याचें जें काम पाणी करतें, तें कोणताही लेप करीत नाहीं. पाणी उकळून कोमट होऊं द्यावें आणि अर्धा लिटर पाण्यांत चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावें. इतकें खारट पाणी शरीरांतील द्रवाच्या जवळपास येतें, व त्यानें जखम झोंबत नाहीं. औषधांच्या दुकानांत मिळणारी वीस मिलिलिटरची पिचकारी सुई न लावतां वापरली, म्हणजे पाण्याला जरूर तेवढा जोर येतो. एकदोन पिचकाऱ्यांनीं भागत नाहीं. निदान अर्धा लिटर पाणी तरी जखमेवरून वाहूं द्यावें.

धुण्यापूर्वी दोन कामें उरकावीं लागतात. कितीही गरीब कुत्रा असला तरी वेदनेंत तो चावतो, हें गृहीत धरावें. रुंद पट्टीचा सैल फांस त्याच्या मुस्कटावर टाकून हनुवटीखालीं गांठ द्यावी व टोंकें कानांमागें बांधावीं, म्हणजे चांगलें मुसकें तयार होतें. बसक्या नाकाच्या जातींना, धापा टाकणाऱ्या किंवा ओकणाऱ्या कुत्र्याला मात्र असें मुसकें बांधूं नये. त्याचा श्वास कोंडेल. दुसरें काम केंस कापण्याचें. जखमेंत ओल्या कापडाची स्वच्छ घडी ठेवून मग भोंवतालचे केंस कातरावे, म्हणजे कापलेले तुकडे आंत पडत नाहींत. हे केंस तसेच ठेवून वर मलम चोपडणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. त्यांत मलम केंसांना लागतें, कातडीला लागतच नाहीं.

झोंबेल तेंच औषध खरें, ही एक जुनी समजूत आहे, आणि तिच्या पायीं मुक्या जनावरांनीं फार सोसलें आहे. स्पिरिट, तीव्र आयोडिन किंवा फेंस आणणारें हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेंत ओतलें, कीं जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या नव्या पेशीही मरतात. युरोपांतील शस्त्रवैद्यांना हा धडा १५३७ सालीं एका अडचणींतून मिळाला. फ्रेंच सैन्याबरोबर इटलींत तूरिनच्या मोहिमेवर गेलेला तरुण आंब्र्वाझ पारे हा त्या काळच्या रीतीप्रमाणें गोळीच्या जखमांत उकळतें तेल ओतीत असे. एके दिवशीं तेल संपलें. निरुपायानें त्यानें अंड्याचा बलक, गुलाबाचें तेल व टर्पेंटाइन यांचें मिश्रण उरलेल्या शिपायांना लावलें, आणि रात्रभर त्याला काळजीनें झोंप आली नाहीं. सकाळीं पाहतो तों तेल ओतलेले शिपाई तापानें व सुजेनें तळमळत होते, तर बाकीचे पुष्कळ शांत होते. बलकांत कांहीं अद्भुत गुण होता असें मानण्याचें कारण नाहीं. त्यानें जखम भाजली नाहीं, हाच त्याचा गुण. याच पारेनें पुढें तूरिनच्या एका वैद्याची मनधरणी करून त्याचें गुप्त मलम मिळविलें. तें नुकत्याच जन्मलेल्या कुत्र्याच्या पिलांना तेलांत उकळून केलेलें निघालें! श्वानजातीनें मनुष्याच्या जखमांसाठीं काय काय दिलें आहे, याची ही एक विदारक नोंद.

जखम उघडी ठेवून वाळूं द्यावी, खपली धरली कीं ती बरी होते, ही दुसरी समजूत. १९६२ सालीं जॉर्ज विंटर यांनीं डुकराच्या पिलांवर प्रयोग करून दाखविलें, कीं पातळ आवरणाखालीं ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा खपलीखालील जखमेच्या सुमारें दुप्पट वेगानें पसरते. खपलीच्या कठीण थराखालून नव्या पेशींना वाट काढावी लागते. ओलाव्यांत त्या सरळ पसरतात. घरगुती औषधांपैकीं मधाला जो मान मिळतो, त्याचें निम्में रहस्य येथेंच आहे.

मध हें जखमेचें फार प्राचीन औषध होय. इसवी सनापूर्वी सुमारें १६०० च्या काळांतील, आज एडविन स्मिथ याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मिसरी लेखांत जखमेवर मध व चरबी बांधण्यास सांगितलें आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंतही व्रणाच्या साठ उपक्रमांची चर्चा करतांना मध आणि तूप यांना मोठें स्थान आहे. आज त्याचें कारण पुष्कळसें उलगडलें आहे. मधांत साखर इतकी दाट असते, कीं ती जंतूंच्या शरीरांतील पाणी ओढून घेते, आणि सुजलेल्या मांसांतील स्रावही बाहेर खेंचते. तो आम्ल असतो. शिवाय मधमाशीच्या एका पाचकद्रव्यामुळें, मध जखमेंतील स्रावांत मिसळला म्हणजे त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड अगदीं मंदपणें तयार होत राहतें. बाटलीतून ओतल्यास जें द्रव्य पेशी जाळतें, तेंच येथें इतक्या अल्प प्रमाणांत निघतें, कीं जंतूंना त्रास व्हावा आणि पेशींना होऊं नये. न्यूझीलंडमधील मानुका नांवाच्या झुडपाच्या मधांत याखेरीज आणखी एक जंतुनाशक द्रव्य असतें. त्याचा बराच गाजावाजा होतो व किंमतही तशीच असते.

परंतु जखमेचा मध आणि पोळीबरोबर खावयाचा मध यांत भेद आहे. कच्च्या मधांत कधीं कधीं घातक जंतूंचीं बीजें सुप्त असतात. तापवावा तर उपयोगाचें पाचकद्रव्य नष्ट होतें. आणि बाजारांतील कित्येक बाटल्यांत मध किती व साखरेचा पाक किती, हें विकणाराच जाणे. यास्तव जखमेसाठीं किरणांच्या साह्यानें निर्जंतुक केलेला मध नळींतून मिळतो, तो वापरावा. अमेरिकेंत तशा मधाच्या पट्ट्यांना २००७ सालीं सरकारी मान्यता मिळाली. जाळीदार कापडावर त्याचा थर द्यावा, जखमेवर ठेवून वर कापूस व पट्टी बांधावी, आणि स्राव फार असेतोंपर्यंत पट्टी रोज बदलावी. उघडा मध चोपडून कुत्र्याला अंगणांत सोडलें, तर पंधरा मिनिटांत मुंग्यांची रांग लागेल. आणि मुंग्या न आल्या तर तोच सर्व चाटून टाकील. मध न मिळाल्यास साध्या दाणेदार साखरेचाही असाच उपयोग पशुवैद्य करतात. घाण, स्रावयुक्त जखमेंत साखरेचा सुमारें एक सेंटिमीटर जाडीचा थर भरून पट्टी बांधतात व साखर विरघळली कीं बदलतात. रक्त वाहात असतांना, किंवा जखम फार विस्तीर्ण असल्यास, हा प्रयोग घरीं करूं नये.

हळदीकडे वळतांना थोडें जपून बोलावें लागतें, कारण ती केवळ औषध नाहीं. तिच्याभोंवतीं आपल्या साऱ्या संस्कारांचा पिवळा रंग आहे. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठीं हळदीचा वापर करण्याबद्दल पेटंट मिळालें. मूळचे गोव्यांतील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्या वेळीं भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनें जुने ग्रंथ व लेख पुढें मांडून हें पेटंट आव्हानिलें, आणि १९९७ सालीं तें रद्द करविलें. या विजयाचा अभिमान यथार्थच आहे. मात्र त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या वादांत एवढेंच ठरलें, कीं हळद जखमेला लावणें ही नवी कल्पना नव्हे. हळद जखम किती बरी करते, हा प्रश्न तेथें निकालांत निघाला नाहीं. हळदींतील कर्क्युमिन हें द्रव्य प्रयोगशाळेंत सूज व जंतु यांवर परिणाम करतांना दिसतें खरें. पण डब्यांतील हळदींत तें शेंकडा दोन ते पांच भागच असतें. उरलेली ती जमिनींतून खणलेल्या, उघड्यावर वाळविलेल्या व गिरणींत दळलेल्या कंदाची पूड. तिच्यांत भेसळ झाली असेल, तर शिशाचा पिवळा क्षारही तींत असूं शकतो. वरवर खरचटलेल्या, धुतलेल्या जागीं चिमूटभर शुद्ध हळद लावल्यानें बिघडत नाहीं. खोल जखमेंत ती मुठीनें भरणें मात्र चुकीचें. तेथें तिचा गारा होऊन घट्ट पापुद्रा बनतो. शिवाय पिवळ्या रंगाखालीं जखमेची लाली झांकली जाते, आणि ती वाढते आहे कीं उतरते आहे हें पशुवैद्यालाही समजेनासें होतें.

कडुनिंबाचें काम जखमेच्या आंत नसून भोंवतीं आहे. पाला उकळून गाळलेलें पाणी आसपासची मळकट कातडी धुण्यास चांगलें, आणि निंबोणीच्या तेलाचा उग्र वास माशांना दूर ठेवतो; तें जखमेपासून थोडें अंतर राखून, खोबरेल तेलांत पातळ करून, बोटभर लावावें. पोटांत गेल्यास तें अपाय करतें. कोरफडीचा पारदर्शक गर थंडावा देतो. पण पान कापतांच सालीलगत जो पिवळा कडू चीक सुटतो तो कुत्र्यानें चाटल्यास त्याला रेच होतात, म्हणून तो पूर्ण निथळवून व धुऊन मगच गर घ्यावा. खोबरेल तेलाला उघड्या जखमेवर कांहीं विशेष काम नाहीं. जखम भरल्यावर कोरड्या पडलेल्या नव्या कातडीला तें मऊपणा आणतें, एवढेंच.

आतां जिभेचा विषय. कुत्र्याची जीभ म्हणजे वैद्य, ही श्रद्धा जगभर आढळते. ग्रीस देशांत एपिडॉरस येथील आरोग्यदेवतेच्या मंदिरांत, कुत्र्यानें चाटल्यामुळें एका मुलाच्या मानेवरील गांठ बरी झाल्याचा शिलालेख आहे. ख्रिस्ती संत रोक यांच्या कथेंत, महामारीनें पीडित होऊन रानांत पडलेल्या संतांच्या जखमा एक कुत्रा चाटी व त्यांना भाकरी आणून देई. म्हणून त्यांच्या मूर्तीच्या पायांशीं कुत्रा असतो. आपल्या महाभारताच्या आदिपर्वांतही चाटण्याचा उल्लेख आहे, पण तो वेगळ्या अर्थानें. जनमेजयाच्या यज्ञांत त्याच्या भावांनीं मारलेलें सरमेचें पिलूं आईला सांगतें, कीं आपण हवि पाहिलाही नाहीं आणि चाटलाही नाहीं.

१९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत कुत्र्याची लाळ कांहीं थोड्या जातींच्या जंतूंना मारते असें दिसून आलें. पण त्वचेच्या जखमांत जे पुंजजंतु नेहमीं सांपडतात, त्यांवर तिचा परिणाम अल्पच होता. रानांत एकटा असलेल्या प्राण्याला जखमेंतील माती काढण्यास जिभेवांचून साधन नसतें, तेथें ती उपकारक ठरत असेल. घरांतील कुत्र्याला मात्र ती पिचकारी आणि मीठपाणी यांहून श्रेष्ठ नाहीं. खरखरीत जीभ तासन् तास फिरत राहिली म्हणजे नवें मांस सोलून निघतें, टांके तुटतात, व पुढील पायाच्या मनगटाजवळ तर कित्येकदां चाटण्याच्या संवयीनेंच जाड, न भरणारें क्षत तयार होतें.

याहून गंभीर गोष्ट अशी, कीं कुत्र्याच्या कातडीवर जें लावलें तें त्याच्या पोटांत गेलेंच असें समजावें. खेडोपाडीं आणि शहरांतही जखमेंत तंबाखू दाबण्याची रीत आहे. तंबाखूंतील निकोटिन कुत्र्याला जिवघेणें ठरतें. कॉफीची पूड, लसणाचा ठेंचा, कापूर हीं सारीं त्याला विषासमान आहेत. चुना जखम भाजतो व जीभही भाजतो. "नैसर्गिक" म्हणून मोठ्या किंमतीला विकलें जाणारें टी-ट्री नांवाचें तेल कुत्र्याच्या अंगावर निव्वळ ओतल्यास त्याचे पाय लटपटूं लागतात, कंप सुटतो. वनस्पतीपासून निघालें म्हणून तें सौम्य, या भोळ्या तर्काला कुचल्याचें बीं हें उत्तर पुरेसें आहे. यास्तव औषध कोणतेंही असो, गळ्यांत शंकूसारखी पट्टी बांधणें, किंवा धडावर जखम असल्यास जुन्या गंजींत त्याला घालणें, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. पहिला दिवस तो भिंतींवर आपटेल, रुसून बसेल. दया येऊन ती पट्टी काढण्याचा मोह घरांतील मुलांना नेहमीं होतो.

पावसाळ्यांत व त्याच्या पुढेंमागें सर्वांत भयंकर प्रकार घडतो तो किडे पडण्याचा. क्रायसोमिया जातीची माशी ताज्या जखमेच्या कडेला अंडीं घालते. दिवसाच्या आंत त्यांतून अळ्या निघतात, आणि त्या मेलेल्या मांसावर न थांबतां जिवंत मांस खात आंत शिरतात. पांच-सात दिवसांत कानामागील नाण्याएवढ्या जखमेची मूठभर खोल गुहा झालेली दिसते. दुर्गंधि, जखमेंतील हालचाल आणि कुत्र्याचें सारखें डोकें झटकणें या खुणा ओळखाव्या. रस्त्यावरील किती तरी कुत्रीं याच कारणानें मरतात. खेड्यांत सीताफळाचा पाला वाटून अशा जखमेंत भरतात, व त्यानें अळ्या मरतातही. परंतु सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास डोळा सुजून बुबुळाला इजा होते, आणि जखम बहुधा डोळ्या-कानांजवळच असते. रॉकेल, फिनेल अथवा डांबराच्या गोळ्या भरणें हा तर सरळ अघोरीपणा. अळ्यांआधीं कुत्राच त्यानें विषारतो. येथें घरगुती उपचारानें दिवस काढणें म्हणजे मांस गमावणें होय. पशुवैद्य चिमट्यानें अळ्या काढून पोटांत किंवा टोंचून औषध देतो, आणि दोन-तीन दिवसांत जखम स्वच्छ होते. मुंबईंत परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि आज जिल्ह्याच्या व बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणीं सरकारी पशुचिकित्सालयें आहेत. तेव्हां ही सोय दूर आहे असें म्हणण्यास फारशी जागा नाहीं.

पांच-दहा मिनिटें दाबून धरूनही न थांबणारें रक्त, सांध्यावरील किंवा छातीपोटावरील जखम, भाजलेली मोठी जागा, डोळ्याजवळची इजा, यांनाही घरचा उपचार नाहीं. टांका घालण्यासारखी जखम असेल तर पहिले सहा तास फार मोलाचे असतात, आणि त्या वेळीं तिच्यांत पूड किंवा तेल नसेल तर पशुवैद्याचें काम निम्मे हलकें होतें.

घरीं सांभाळलेली जखम नीट चालली असल्यास चौथ्या-पांचव्या दिवशीं तिच्या तळाशीं लाल, दाणेदार, ओलसर मांस दिसूं लागतें. हें नाजूक मांस पाहून पुष्कळांना जखम बिघडली असें वाटतें व ते तें घासून काढतात. वास्तविक याच मांसावर नवी त्वचा पसरावयाची असते. तें दिसूं लागल्यावर धुण्याचा जोर कमी करावा, पट्टी एक-दोन दिवसांआड बदलावी, आणि ती बदलतांना चिकटली असल्यास मीठपाण्यानें भिजवून सोडवावी. आठवड्याच्या सुमारास कडा आंत ओढल्या जाऊं लागतात. पिवळा दाट पू, वाढती सूज, किंवा खाणें टाकून देणें यांपैकीं कांहींही दिसल्यास घरचा उपचार तेथेंच थांबवावा. सर्व सुरळीत झाल्यावर त्या जागीं केंस उगवण्यास कित्येक आठवडे लागतात. मोठी जखम असेल तर मधली पट्टी उघडीच राहते, आणि पुष्कळदां नवे केंस मूळच्याहून निराळ्या रंगाचे येतात.